कॅमेरा जरा वर धरा

शाळकरी खेळाडूंवर माहितीपट करणाऱ्यांशी माझं भांडण आहे. वृत्तवाहिन्यांशीही आहे, पण त्यांच्याशी भांडण्यात फारसा अर्थ नाही. आपण काय विकतोय हे त्यांना पक्कं माहीत असतं. माहितीपटवाल्यांना मात्र वाटतं की आपण त्या बाजारात बसलेलोच नाही. आम्ही बाइट घेऊन पळत नाही, आम्ही त्या मुलासोबत दोन-दोन वर्षं घालवतो, असं ते सांगतात. घालवतात, खरं आहे. पण दोन वर्षं घालवून ते जी गोष्ट आणतात ती वाहिनीने दोन मिनिटांत सांगितलेलीच असते. फक्त ती आता ऐंशी मिनिटांची झालेली असते आणि मागे चेलो वाजत असतो.

मी एडिटर आहे. राहतो मानपाड्याला, म्हणजे डोंबिवली पूर्वेचा, कल्याण-शीळ रोडवरचा मानपाडा. घोडबंदर रोडवरचा वेगळा, आणि कुरिअरवाल्यांना तो फरक अजून कळलेला नाही. लग्नांपासून कॉर्पोरेट फिल्मपर्यंत सगळं कापून झालंय, मधूनमधून माहितीपटही. त्यामुळे हा लेख बाहेरून केलेली टीका नाही. पंधरा वर्षांचा मुलगा पडद्यावर हरलेला कसा दाखवायचा, हे मला हाताने करता येतं. त्याला प्रश्न विचारायचा. तो दोन शब्दांत उत्तर देतो, कारण या वयाची मुलं दोन शब्दांतच बोलतात. उत्तर संपलं की कट करायचा नाही. चार सेकंद तसाच ठेवायचा. पोरगं ओशाळतं, इकडेतिकडे बघतं, नाक पुसतं. मग कट करून रिकामं मैदान. झालं, प्रेक्षकाच्या घशात आवंढा. त्या चार सेकंदांत मुलाच्या मनात काय चाललं होतं? बहुतेक वेळा एवढंच, की आता या काकांनी कॅमेरा बंद करावा.

आमच्या भागातला याचा सगळ्यात मोठा दाखला सगळ्यांना माहीत आहे, किंवा माहीत आहे असं वाटतं. ४ जानेवारी २०१६. कल्याणच्या वायलेनगरातलं युनियन क्रिकेट अकॅडमीचं मैदान, सोळा वर्षांखालच्या मुलांची एच. टी. भंडारी कप ही आंतरशालेय स्पर्धा, के. सी. गांधी विरुद्ध आर्य गुरुकुल. आर्य गुरुकुल ३१ धावांत बाद. मग के. सी. गांधीचा प्रणव धनावडे, वय १५, बॅटिंगला आला आणि संध्याकाळपर्यंत त्याच्या नावावर १९९ चेंडूंत नाबाद ६५२ धावा होत्या. ए. ई. जे. कॉलिन्स या इंग्लिश शाळकरी मुलाने १८९९ साली क्लिफ्टन कॉलेजच्या मैदानावर नाबाद ६२८ केल्या होत्या. ११६ वर्षांचा तो विक्रम पहिल्याच दिवशी मोडला. दुसऱ्या दिवशी १२८ चेंडूंत आणखी ३५७. एकूण ३२७ चेंडूंत नाबाद १००९. १२९ चौकार, ५९ षटकार. ३ बाद १४६५ वर डाव घोषित. आर्य गुरुकुल दुसऱ्या डावात ५२. एक डाव आणि १३८२ धावांनी विजय.

(प्रणवचं नाव मी लिहितोय, कारण ते जगभर छापून झालेलं आहे आणि तो आता प्रौढ आहे. त्या मैदानावरच्या इतर कुठल्याही मुलाचं नाव या लेखात येणार नाही.)

या आकड्यांकडे एडिटरच्या नजरेने बघा. ३२७ चेंडूंपैकी १८८ चेंडू सीमेपार गेले. याचा अर्थ, अर्ध्याहून जास्त वेळा कुठला तरी मुलगा धावत जाऊन चेंडू आणत होता. कोण होती ती मुलं? नंतर बातम्यांमध्ये आलं की आर्य गुरुकुलची नेहमीची मोठी मुलं दहावीच्या अभ्यासामुळे आली नव्हती. त्यांच्या जागी लहान मुलं उतरवली होती, आणि त्यातल्या काहींचा सीझन बॉलशी पुरता परिचयही नव्हता. एका बाजूची बाउंड्री फारच जवळ होती. कॅच सुटले, भरपूर सुटले. दोन दिवस बारा-तेरा वर्षांची पोरं उन्हात उभी राहिली आणि जगातला सर्वात मोठा डाव त्यांच्या अंगावरून गेला. त्यांच्यावर बातमी आली तेव्हा ती 'कसली ही बॉलिंग' अशा सुरात आली. जगभर हसली माणसं. मुलांना.

आणि मोठी माणसं कुठे होती? सामन्यात पंच असतात, दोन्ही बाजूंना प्रशिक्षक असतात, शाळा असते, स्पर्धा भरवणारे असतात. पहिल्या डावाची आघाडी ३२ व्या धावेलाच मिळाली होती. पहिल्या दिवसअखेर के. सी. गांधीच्या नऊशेच्या वर धावा झाल्या होत्या. विक्रम मोडून झाला होता. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी त्या लहान मुलांना पुन्हा फिल्डिंगला उतरवलं गेलं. का? त्या रात्रीत काय बदललं होतं? एवढंच बदललं होतं की बातमी पोचली होती आणि दुसऱ्या दिवशी मैदानावर कॅमेरे हजर होते. ते आले नसते तर डाव किती वाजता घोषित झाला असता, हा प्रश्न मी दहा वर्षं विचारतोय. कुणीही हे जाणूनबुजून केलं असं माझं म्हणणं नाही. पण कॅमेरा मैदानावर आला की मैदानावरचा खेळ बदलतो, हे माहितीपटाच्या पहिल्या वर्गात शिकवतात. ते इथे कुणालाच आठवलं नाही.

प्रणवने काय करायला हवं होतं? मुद्दाम आउट व्हायचं? पंधराव्या वर्षी सुमारे साडेसहा तास बॅट चालवणं ही चेष्टा नाही, समोर कुणीही असो. त्याच्याकडे बोट दाखवायचं काहीच कारण नाही. पण आपण त्याच्याकडेच दाखवलं, आधी कौतुकाचं आणि मग दुसरं.

कौतुक दणक्यात झालं. सचिन तेंडुलकरने शाबासकी दिली, सही केलेली बॅट दिली. राज्याचे तेव्हाचे क्रीडामंत्री विनोद तावडे यांनी शिक्षणाचा आणि प्रशिक्षणाचा खर्च सरकार करेल असं जाहीर केलं. मुंबई क्रिकेट असोसिएशनने पाच वर्षं महिना १० हजारांची शिष्यवृत्ती दिली. वडील रिक्षा चालवतात हे कळल्यावर तर विचारूच नका. त्यानंतर या मुलावरचा एकही व्हिडिओ मी रिक्षाशिवाय पाहिलेला नाही. रिक्षाचा आरसा, आरशात वडिलांचे डोळे, मीटर, मग मैदान. कल्याण-डोंबिवलीत हजारो माणसं रिक्षा चालवतात आणि त्यांच्या मुलांपैकी कुणी खेळतं, कुणी बँकेत लागतं. पण कॅमेऱ्याला रिक्षा म्हणजे गरिबीची खूण वाटते आणि ती खूण मिळाली की घराची बाकी चौकशी करावी लागत नाही.

त्याच वर्षी पश्चिम विभागाच्या सोळा वर्षांखालच्या संघात अर्जुन तेंडुलकरची निवड झाली आणि प्रणवची झाली नाही. समाजमाध्यमांवर आग लागली: रिक्षावाल्याचा मुलगा विरुद्ध सचिनचा मुलगा. गरिबी आली, जात आली, वशिला आला. वस्तुस्थिती अशी होती की प्रणव मुंबईच्या सोळा वर्षांखालच्या संघातच नव्हता, त्यामुळे विभागाच्या संघात तो येणारच नव्हता. हे शेवटी त्याच्या वडिलांनाच पुढे येऊन सांगावं लागलं. दोन शाळकरी पोरांना एकमेकांविरुद्ध उभं करून मोठी माणसं आपापली राजकारणं भांडून घेत होती. निवड समित्यांमध्ये वशिला चालत नाही असं मी म्हणत नाही. चालत असेल तर समितीला कॅमेऱ्यासमोर बसवा. तिथे जायला मेहनत लागते. पोराचा फोटो मात्र आयता मिळतो.

डिसेंबर २०१६ मध्ये एक गोष्ट घडली, आणि माझ्या मते खरा माहितीपट तिथे होता. कल्याणच्या सुभाष मैदानात केंद्रीय मंत्री प्रकाश जावडेकर यांच्या हेलिकॉप्टरसाठी जागा तयार करायची होती. तिथे सराव करणाऱ्या मुलांची आणि पोलिसांची बाचाबाची झाली आणि प्रणवला पोलिस ठाण्यात नेण्यात आलं. बातमी काय झाली? 'विक्रमवीराला ताब्यात घेतलं.' अरे, पण लाखो लोकसंख्येच्या शहरात शाळकरी मुलांना खेळायला जे मोजकं मैदान आहे तेच हेलिकॉप्टरला का लागतं, सभेला का लागतं, प्रदर्शनाला का लागतं? विक्रम नसलेला मुलगा तिथे सराव करत असता तर त्याला हटवणं चाललं असतं का? मैदानाची बातमी मुलाची बातमी झाली आणि मैदान तिथेच राहिलं.

मग २०१७. प्रणवच्या वडिलांनी असोसिएशनला पत्र लिहून शिष्यवृत्ती थांबवायला सांगितलं. मुलाच्या धावा होत नाहीत, तेव्हा हे पैसे घेणं बरोबर नाही. पुढे चांगलं खेळला तर तुम्ही विचार करा, असा त्याचा आशय. मी कितीतरी बातम्या कापल्या आहेत, पण या पत्राइतकी स्वाभिमानाची कृती त्यांत मला दिसली नव्हती. वाहिन्यांनी ती 'हजार धावांच्या हिरोची घसरण' म्हणून दाखवली.

जरा थांबून विचार करा. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाची घसरण? कशावरून? १००९ वरून? त्या आकड्याच्या वर जगात कुणीच नाही. तिथून पुढचा प्रत्येक डाव, शंभर केले तरी, खालीच येणार. आपण त्याला अशा जिन्याच्या टोकावर नेऊन बसवलं ज्याला फक्त खाली जायच्या पायऱ्या आहेत, आणि मग तो उतरताना शूटिंग करत बसलो.

ही गोष्ट सांगायचा साचा मराठीत १९८८ साली तयार झाला. फेब्रुवारीत आझाद मैदानावर हॅरिस शील्डमध्ये शारदाश्रमच्या दोन मुलांनी ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली. सचिन ३२६, विनोद कांबळी ३४९. एक देव झाला आणि दुसऱ्याला आपण इशारा करून टाकलं. आई-बाप अजून मुलांना सांगतात, डोक्यात हवा गेली की कांबळी होतो. कांबळी १७ कसोट्या खेळला आणि त्याची सरासरी ५४.२० होती. ज्या माणसाची कसोटी सरासरी चोपन्न आहे त्याला वाया गेलेला म्हणायला जी गोष्ट लागते, ती गोष्ट किती जोरकस असेल! डिसेंबर २०२४ मध्ये शिवाजी पार्कला आचरेकर सरांच्या स्मारकाच्या कार्यक्रमात तो थकलेला, आजारी दिसला आणि त्याची सचिनचा हात धरून ठेवल्याची क्लिप देशभर फिरली. छत्तीस वर्षांपूर्वी शाळेच्या सामन्यात सुरू झालेलं शूटिंग अजून चालू आहे. तेव्हापासून प्रत्येक शाळकरी बॅट्समनसाठी आपल्याकडे दोनच खण आहेत, आणि तिसरा खण, म्हणजे चांगला खेळला, मजा आली, मग इंजिनीअर झाला, हा कुणाला गोष्ट वाटतच नाही.

पृथ्वी शॉचं उदाहरण माहितीपटवाल्यांना जास्त जवळचं आहे. सुश्रुत जैन यांच्या 'बियॉन्ड ऑल बाउंड्रीज' या २०१३ च्या फिल्ममध्ये तो अगदी लहान आहे. आई गेलेली, वडिलांनी धंदा सोडून मुलासाठी वाहून घेतलेलं, विरारहून रोजचा प्रवास. फिल्म प्रेमाने केलेली आहे, हे आधी सांगतो. त्याच वर्षी त्याने हॅरिस शील्डमध्ये ५४६ केल्या. पुढे १९ वर्षांखालच्या विश्वविजेत्या संघाचा कप्तान, पदार्पणाच्या कसोटीत शतक, मग खोकल्याच्या औषधातल्या द्रव्यामुळे बंदी, २०२४ मध्ये मुंबईच्या रणजी संघाबाहेर आणि आयपीएलच्या लिलावात बोली नाही. या प्रत्येक वळणावर ते लहानपण पुन्हा बाहेर काढलं गेलं. आधी 'बघा, तेव्हाच दिसत होतं' म्हणून, नंतर पुन्हा 'बघा, तेव्हाच दिसत होतं' म्हणून. तेच फुटेज, तोच मुलगा, मथळा उलटा. फिल्म करणाऱ्याचा हेतू कितीही स्वच्छ असो, मुलाचं बालपण एकदा कार्डावर गेलं की ते पुढे कोण कशासाठी वापरेल ते त्याच्या हातात राहत नाही. मुलाच्या तर कधीच नव्हतं.

त्याच फिल्ममध्ये मुंबईच्या संघात यायला धडपडणारी एक मुलगीही आहे. तिच्याबद्दल कुणी आता विचारत नाही. मला वाटतं ती सुटली.

आमच्या डोंबिवलीचा अजिंक्य रहाणे. लहानपणी आई धाकट्या भावाला कडेवर आणि किटबॅग हातात घेऊन त्याला मैदानावर चालत न्यायची, हे त्याने मोठा झाल्यावर स्वतः सांगितलं. पुढे तो लोकलने मुंबईला जायचा, एवढीशी उंची आणि पाठीवर एवढी बॅग. गर्दीत कॅमेरा खांद्यावर घेऊन कुणी त्याच्या मागे उभं राहिल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही. तो किती वेळा रडला, किती वेळा शून्यावर आउट झाला, ते त्याच्याकडे आहे. सांगावंसं वाटलं ते त्याने सांगितलं, वाटलं नाही ते ठेवून दिलं.

आता दुसरी बाजू, कारण ती खरी आहे. कॅमेरा आला म्हणून तर शिष्यवृत्ती आली, असं मला नेहमी ऐकवतात. कॅमेरे नसते तर रिक्षावाल्याच्या मुलाकडे असोसिएशनने ढुंकून पाहिलं असतं का? कदाचित नसतं. पण मग लाज कुणाला वाटायला हवी? महिना १० हजार म्हणजे पाच वर्षांचे ६ लाख. गुणी मुलं शोधून त्यांना ते देणं हे निवड यंत्रणेचं रोजचं काम आहे. ते तिने केलं नाही आणि कॅमेऱ्यासमोर एकदा केलं. कॅमेऱ्यामुळे आलेल्या मदतीला कॅमेऱ्याचीच मुदत असते. धावा थांबल्या की घेणाऱ्याचाच हात आखडतो. ही मदत त्या मुलाला नव्हतीच, त्या आकड्याला होती.

दुसरा आक्षेप असा, की मग वाईट गोष्टी उघड कशा व्हायच्या? जरूर व्हाव्यात. २०२० ची 'अ‍ॅथलीट ए' बघा. अमेरिकेच्या जिम्नॅस्टिक्स संघाचा डॉक्टर लॅरी नासार वर्षानुवर्षं मुलींवर अत्याचार करत राहिला आणि संघटना गप्प बसली, त्यावरची फिल्म. तिच्यात बोलतात त्या आता मोठ्या झालेल्या स्त्रिया, स्वतःच्या मर्जीने. आणि कॅमेरा कुणाचा पाठलाग करतो? संघटनेच्या पदाधिकाऱ्यांचा, कागदांचा, ईमेलचा.

'हूप ड्रीम्स'चं नाव तर प्रत्येक प्रस्तावात असतं. शिकागोच्या दोन कृष्णवर्णीय मुलांचा चौदाव्या वर्षापासून पाच वर्षं केलेला पाठलाग, १९९४ ची फिल्म, जवळजवळ तीन तासांची. मीही ती डोक्यावर घेऊन नाचलोय. पण लोक तिच्यातून पाठलाग तेवढा उचलतात. बास्केटबॉलसाठी मुलं गोळा करणारी खाजगी शाळा तिच्यात उघडी पडते, हे विसरतात. एका मुलाच्या घरची वीज तोडली गेली तेव्हा फिल्म करणाऱ्यांनी बिल भरायला मदत केली, आणि पुढे फिल्मच्या कमाईतला वाटा दोन्ही कुटुंबांना दिला, हेही विसरतात. दोघांपैकी कुणीही एनबीएत गेला नाही आणि फिल्म त्याला घसरण म्हणत नाही.

आपल्याकडे वाटा सोडाच, हिशेबही नाही. बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली आणि २०१७ च्या नियमांनी बाल कलाकारांसाठी काही गोष्टी बांधून दिल्या: दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग तीन तासांहून जास्त नाही, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, आणि कमाईतला किमान वीस टक्के भाग मुलाच्या नावे मुदत ठेवीत. अंमलबजावणी कशी होते तो वेगळा विषय. पण बिस्किटाच्या जाहिरातीत हसणाऱ्या मुलाला कागदावर तरी एवढं संरक्षण आहे. माहितीपटातला मुलगा 'कलाकार' धरला जात नाही. तो 'विषय' असतो. त्याच्या मागे सकाळी साडेपाचला घरात शिरा, रात्री झोपेपर्यंत थांबा, पैसे देऊ नका, कारण पैसे दिले तर म्हणे सत्य गढूळ होतं. कॅमेरामनला दिलेल्या पैशांनी मात्र ते गढूळ होत नाही.

संमतीपत्र तुम्ही कधी वाचलंय? मी वाचलंय, इंग्रजीत असतं. त्यात लिहिलेलं असतं की हे चित्रण संपूर्ण विश्वात, कायमस्वरूपी, आज माहीत असलेल्या आणि पुढे शोध लागणाऱ्या सर्व माध्यमांत वापरता येईल. संपूर्ण विश्वात! वडील मैदानाच्या कडेला उभ्याउभ्या कुणाच्या तरी पाठीवर कागद ठेवून सही करतात. मुलगा तेव्हा नेट्समध्ये असतो. अठराव्या वर्षी त्याला मतदान करता येतं, लायसन मिळतं, पण तेराव्या वर्षीचं आपलं रडणं परत मागता येत नाही.

हे सगळं विक्रमवीरांपुरतं राहिलं असतं तर मी एवढा तापलो नसतो. आता ते आमच्या इमारतीच्या खाली आलंय. कल्याण-शीळ रोडला टर्फ उगवली आहेत, आणि बारा वर्षांखालच्या मुलांच्या लीगचंही यूट्यूबवर थेट प्रक्षेपण होतं. कॉमेंट्री, रिप्ले, स्क्रीनवर मुलाचं नाव आणि इमारतीचं नाव. गेल्या पावसाळ्याआधी आमच्या इथल्या एका अकरा वर्षांच्या मुलाने शेवटच्या ओव्हरला सोपा कॅच सोडला. कुणीतरी ती क्लिप कापली, तिला विनोदी संगीत लावलं आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकली. टाकणारा चाळिशीचा माणूस होता. हसायच्या इमोजी टाकणारेही चाळिशीचेच. मुलगा तीन आठवडे खाली आला नाही. मग आला तो थेट सायकल घेऊन, आणि मैदानाच्या बाजूला वळला नाही. आईने सांगितलं, आवड बदलली. असेल.

आणि या क्लिपा करायला मुलं आमच्याकडूनच शिकली. अकॅडम्या आता प्रवेशाच्या वेळीच 'प्रोफाइल व्हिडिओ'चं पॅकेज सांगतात. मला विचारणा होते: दहा वर्षांच्या मुलाचा दोन मिनिटांचा व्हिडिओ, स्लो मोशन, धूळ, पहाटेचा अलार्म, वडिलांचा संघर्ष. एका गृहस्थांचा संघर्ष काय होता असं विचारलं तर ते म्हणाले, ते तुम्ही बघा ना. दहाव्या वर्षी मुलगा आपल्या आयुष्याच्या फिल्मचा ट्रेलर बघतो. मग उरलेल्या आयुष्याने त्या ट्रेलरशी जुळायचं.

मला हे कायद्याने बंद व्हायला नको आहे. बंदी आली की फक्त चोरून होईल. पण माहितीपट करणाऱ्यांनी स्वतःपुरतं एवढं ठरवायला काय हरकत आहे, की अठरा वर्षांखालच्या खेळाडूची नावानिशी फिल्म तो अठरा वर्षांचा होईपर्यंत दाखवायची नाही? शूट करा, ठेवून द्या. अठरा झाल्यावर त्याला एकट्याला बसवून अख्खी फिल्म दाखवा, वडील शेजारी नकोत, प्रशिक्षक नको, आणि मग सही घ्या. नको म्हणाला तर फिल्म गेली. महोत्सवाची तारीख हुकेल, फंड देणारा ओरडेल. ओरडू दे. ज्याच्या आयुष्यावर आपण उभे आहोत त्याला नकार द्यायची एक तरी संधी मिळायला हवी. आणि पैसे आले तर वाटा. कलाकाराला वीस टक्के ठेवीत टाकायला लावतात, आपण तेवढ्यापासून तरी सुरुवात करू.

या जानेवारीत वायलेनगरच्या त्या सामन्याला दहा वर्षं झाली. 'तो सध्या काय करतो' या धर्तीच्या फिल्मसाठी मला विचारणा झाली आणि मी नाही म्हटलं. तो सध्या काय करतो हा त्याचा प्रश्न आहे. मला दुसऱ्या माणसांबद्दल विचारायचंय. दहावीची मुलं येणार नाहीत हे कळल्यावर सामना पुढे ढकलावा असं कुणाला सुचलं का? ती बाउंड्री कुणी आखली? पहिल्या दिवशी संध्याकाळी दोन्ही बाजूंचे प्रशिक्षक एकमेकांशी काय बोलले? शाळेत लहान मुलं परत गेली तेव्हा सोमवार-मंगळवारचा अभ्यास बुडाला म्हणून त्यांना कुणी काय विचारलं? वाहिन्यांच्या संपादकांपैकी किती जणांनी पूर्ण स्कोअरकार्ड मागवलं, ३१ आणि ५२ हे आकडे वाचले, आणि वाचून काय केलं? सुभाष मैदान वर्षातले किती दिवस खेळायला मोकळं असतं? ही सगळी माणसं प्रौढ आहेत, बहुतेक इथेच राहतात, आणि त्यांना कॅमेऱ्यासमोर ओशाळायला लावायचं असेल तर चार सेकंद काय, मी दहा ठेवीन.

त्या दिवशी आर्य गुरुकुलकडून खेळलेली मुलंही आता विशी ओलांडून गेली आहेत. त्यांच्यातल्या कुणाला ते दोन दिवस आठवून बोलावंसं वाटत असेल तर ऐकायला मी जाईन, वायलेनगर मानपाड्याहून काही लांब नाही. पहिल्या भेटीला कॅमेरा न्यायचा नाही, आणि नको म्हणाले तर दुसऱ्यांदा विचारायचं नाही.